टीव्हीसमोरचे ताट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या लठ्ठपणाचा विषय निघाला की मैदाने उरली नाहीत, मुले खेळत नाहीत, तासन्‌तास टीव्हीपुढे बसून राहतात, असा सूर हमखास लागतो. तो खोटा नाही. पण मूल टीव्हीसमोर किती वेळ बसते याबरोबरच तिथे बसून ते किती खाते, हेही पाहायला हवे. ही चूक मी स्वतः केलेली असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

माझा सहा वर्षांचा नातू कार्टून लावल्याशिवाय जेवत नसे. नजर पडद्यावर खिळलेली, घास जवळ नेला की तोंड आपोआप उघडायचे, आणि दोन पोळ्या, त्यावर वरणभात, कधी तिसरी पोळीही बिनबोभाट संपायची. 'आज पोटभर जेवला' असे मी सुनेला कौतुकाने सांगत असे. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात दीड पोळी खाऊन झाल्यावर त्याने ताटावर हात आडवा धरला आणि 'आजी, पोट भरलं' म्हणाला. वर 'ही कसली भाजी आहे?' असेही विचारले. दोडक्याची होती, ती तो दर आठवड्याला खात होता.

अमेरिकेतील सॅन होजे येथील दोन प्राथमिक शाळांत झालेला आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात मला महत्त्वाचा वाटतो. एका शाळेतील तिसरी-चौथीच्या मुलांना सहा महिन्यांत अठरा तासिका घेऊन टीव्ही, व्हिडिओ आणि व्हिडिओ गेम कमी करायला शिकवले, दुसऱ्या शाळेत काहीच केले नाही. वर्षअखेरीस पहिल्या शाळेतील मुलांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, दुसऱ्या शाळेच्या तुलनेत कमी वाढला होता. त्यांच्या शारीरिक हालचालीत मात्र लक्षणीय फरक दिसला नाही. टीव्ही पाहणे आणि टीव्हीसमोर जेवणे, या दोन गोष्टी कमी झाल्या होत्या.

दुसरी गोष्ट जाहिरातींची. येल विद्यापीठातील संशोधकांच्या २००९ च्या प्रयोगात खाद्यपदार्थांच्या जाहिराती असलेले कार्टून पाहणाऱ्या सात ते अकरा वर्षांच्या मुलांनी समोर ठेवलेला खाऊ, इतर जाहिराती पाहणाऱ्या मुलांपेक्षा ४५ टक्के अधिक खाल्ला, आणि तो खाऊ जाहिरातीतला नव्हताच. आपल्याकडे २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत अतिगोड, अतिखारट व अतिस्निग्ध पदार्थांची विक्री आणि जाहिरात करता येत नाही. नियम चांगलाच आहे, पण तेच मूल घरी येऊन दप्तर टाकते आणि टीव्ही लावते, तेव्हा वेफर्स, चॉकलेट-बिस्किटे आणि शीतपेये थेट दिवाणखान्यात येतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात तेरा वर्षांखालील मुलांना उद्देशून व्यापारी जाहिराती करण्यावर १९८० पासून बंदी आहे. आपल्याकडे निदान मुलांच्या वाहिन्यांवर तरी अशा पदार्थांच्या जाहिराती बंद करायला काय हरकत आहे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात पाच वर्षांखालील अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये २.१ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ३.४ टक्के झाले. आकडा लहान वाटेल, परंतु आपल्या घरांत अजूनही 'गुटगुटीत' हा कौतुकाचाच शब्द आहे आणि 'हडकुळा' म्हटले की आईचा चेहरा पडतो, त्यामुळे वाढते वजन लवकर कोणाच्या लक्षातच येत नाही.

आमच्या घरी आता जेवताना टीव्ही बंद असतो. नातवाने पहिले चार दिवस रडारड केली आणि मग विसरला. साडेसातच्या मालिकेसाठी जास्त कुरकुर आजोबांनीच केली.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली