पेन्सिलने लिहिलेल्या अहवालाबद्दल

आदरणीय सर,

सविनय नमस्कार.

माझ्या मुलीच्या हॉकीच्या खेळाविषयी आपण लिहून दिलेला अहवाल हाती येऊन बरेच दिवस झाले, तरी आभाराचे पत्र लिहायला बसले की आधीचा राग उफाळून येतो. एका निवड चाचणीत ‘गोल छान मारते, पण चण लहान आहे, पुढच्या वर्षी पाहू’ एवढ्यावर तिची बोळवण झाली होती. भारतीय हॉकीपटू राणी रामपालने २०१० च्या विश्वचषकात ७ गोल केले तेव्हा ती १५ वर्षांची होती, हे त्या मंडळींना ठाऊक नसेल असे नाही. (आमची लेक राणी आहे, असा माझा दावा नाही, निदान खेळ नीट पाहावा, एवढीच अपेक्षा होती.)

आपण तो पाहिलात, आणि नुसते गोल मोजले नाहीत. दुबळ्या संघांविरुद्ध आकडा सहज फुगतो. मैदानी गोल डीच्या, म्हणजे गोलसमोरच्या १४.६३ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाकार भागाच्या, आतूनच करावा लागतो, तेव्हा फॉरवर्डला डीमध्ये चेंडू किती वेळा आणि कोणत्या जागी मिळतो ते तपासावे, असे आपण लिहिलेत. सहकाऱ्याचा फटका निघण्यापूर्वीच ती दूरच्या खांबाकडे सरकते आणि डिफ्लेक्शनसाठी, म्हणजे येणारा चेंडू नुसत्या स्पर्शाने गोलकडे वळवण्यासाठी, स्टिक जमिनीलगत तयार ठेवते, हे आपल्याआधी कोणीच टिपले नव्हते. उणिवाही आपण झाकल्या नाहीत. तिचा रिव्हर्सचा, म्हणजे स्टिक उलटी फिरवून डाव्या बाजूने मारायचा, फटका कच्चा आहे, म्हणून बचावपटू तिला मुद्दाम तिच्या डावीकडे रेटतात. मग चेंडू पुन्हा उजवीकडे घेण्यात जो क्षण जातो, तेवढ्यात गोलरक्षक पुढे येऊन कोन बंद करते. चेंडू हिरावला गेला की ती मागे धावत नाही, हेही खरेच.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. अहवाल आपण माझ्या हाती न देता तिच्या हाती दिलात, सोबत पेन्सिलही दिलीत, आणि ‘न पटेल तिथे खूण कर’ असे म्हणालात. ‘पास देत नाही’ या ओळीवर तिने भीतभीत खूण केली आणि डावीकडून कोणी हाकच देत नाही, असे सांगितले. आपण वाद घातला नाहीत. तिचे वाक्य आपल्या ओळीखाली जसेच्या तसे लिहून घेतलेत. पोरांना अधिकारवाणीने सुनावणारे मैदानावर पुष्कळ भेटतात, त्यांचे ऐकून घेणारा जाणकार क्वचितच. असा सभ्यपणा अंगी असायला मोठे पद लागत नाही, आणि मोठे पद मिळाल्याने तो येतही नाही.

‘वरच्या पातळीवर टिकेल का?’ या माझ्या प्रश्नाला आपण ‘रिव्हर्स सुधारला तर दोन वर्षांनी सांगता येईल’ असे मोजके उत्तर दिलेत. ते तिला कौतुकापेक्षा अधिक मानवले असून सरावानंतर ती डीच्या डाव्या कडेवरून रिव्हर्सचे फटके मारत थांबते. पुढच्या मोसमात सवड काढून आपण तिचा एखादा सामना पुन्हा पाहावा, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एका फॉरवर्डची आई