कॅरीच्या सेंटरबद्दल, आई-बाबांना

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर बाबा नुसतं "बरं" म्हणतात, आई विषय बदलते, आणि तुम्हाला खरं काय वाटलं ते मला कळतच नाही. म्हणून लिहिते. आम्ही टोरांटो सोडून अमेरिकेत जायचं ठरवलंय. नॉर्थ कॅरोलायनात रॅलेला लागून कॅरी नावाचं गाव आहे. तिथे लहान मुलांना गणित आणि वाचन शिकवण्याचं सेंटर घेतलंय, एका कंपनीची फ्रँचायझी, म्हणजे नाव आणि पद्धत त्यांची, धंदा आपला. करारावर सही झाली आहे.

तुमच्या मनात पहिल्यांदा जे येईल, तेच आधी बोलते. कॅनडाच्या सुपर व्हिसावर तुम्ही एका वेळी पाच वर्षांपर्यंत आमच्याजवळ राहू शकला असता. २०२२ पासून तसा नियम आहे, आणि आपलं सगळं त्या हिशेबानेच चाललं होतं. आईने तर लोणच्याच्या बरण्या कुणाला द्यायच्या तेही ठरवून ठेवलं होतं. अमेरिकेत आमच्यासारख्यांच्या आई-वडिलांसाठी असा व्हिसा नाही. तुम्ही टुरिस्ट व्हिसावर याल आणि एका खेपेला साधारण सहा महिने राहाल. हे लिहिताना हात जड होतोय. पण तुमच्यापासून लांब जावं म्हणून हे करत नाही, एवढं धरून चाला. वर्षाचे सहा महिने तुम्ही आमच्याकडे आणि मधल्या काळात मी तुमच्याकडे, असं मी मनाशी पक्कं केलंय. तिथला हिवाळा इथल्यापेक्षा पुष्कळ सौम्य असतो. इथल्या थंडीत बाबांचा श्वास कसा लागायचा ते मी विसरलेले नाही.

आता बाबांचे प्रश्न. बाबा, हा ई-टू नावाचा गुंतवणूकदारांचा व्हिसा आहे. ज्या देशाचा अमेरिकेशी तसा करार आहे, त्या देशाच्या नागरिकालाच तो मिळतो. भारताचा करार नाही, कॅनडाचा आहे. माझा जुना पासपोर्ट जमा केला त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हतात, मला आईने नंतर सांगितलं होतं. आज त्या नव्या, कॅनडाच्या पासपोर्टमुळेच हे दार उघडं आहे. म्हणून धंदा माझ्या नावावर. मालकी किमान निम्मी करारातल्या देशाच्या नागरिकाची असावी लागते. तुमच्या जावयांचा पासपोर्ट अजून भारतीयच आहे, पण नवऱ्याला नागरिकत्वाची अट नाही. त्यांना तिथे नोकरीही करता येईल, म्हणजे सेंटर रांगेला लागेपर्यंत घरात एक पगार चालू राहील.

स्वतःचा क्लास काढायचा, दुसऱ्याच्या नावापायी कमाईतला वाटा, म्हणजे रॉयल्टी, कशाला द्यायची, असं तुम्ही म्हणणार. मीही महिनाभर तेच म्हणत होते. पण या व्हिसात नुसते पैसे लावून भागत नाही. धंदा फक्त आपल्या घरापुरतं कमावणारा असून चालत नाही, पाच वर्षांत त्याची वाढ कशी होईल, किती माणसं कामाला लागतील, हे कागदावर पटवून द्यावं लागतं. परक्या गावात शून्यातून उभा केलेला क्लास हे कशाच्या जोरावर सांगणार? साखळीकडे अभ्यासक्रम तयार असतो, जुन्या सेंटरांचे आकडे असतात. रॉयल्टी मी त्याची किंमत समजते.

आणि करार डोळे मिटून केलेला नाही. तिथे फ्रँचायझी विकणाऱ्याला सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी एक जाड दस्तऐवज द्यावा लागतो, २३ कलमांचा. तुम्ही जेवणाच्या टेबलावर कर्जाच्या फायली पसरून लाल पेन्सिलीने खुणा करायचात आणि मी तुम्हाला पेन्सिली तासून द्यायचे, तशाच खुणा करत मी तो वाचला. तिसऱ्या कलमात कोर्टकचेऱ्या, सातव्यात सुरुवातीचा सगळा खर्च. एकोणिसाव्यात कमाईचे आकडे, पण ते देणं कंपनीवर सक्तीचं नाही. ज्यांनी दिले नव्हते त्यांना मी बाजूला ठेवलं. विसाव्यात किती दुकानं बंद पडली ते असतं आणि सोडून गेलेल्यांचे फोन नंबरही असतात. मी त्यांनाच आधी फोन केले. एका बाईंनी कळकळीने सांगितलं, पहिलं वर्षभर स्वतःला पगार धरू नकोस. तो मी हिशेबात धरलेला नाही.

ऑफिसं साफ करण्याच्या कामाची फ्रँचायझी स्वस्त होती, पण तिला लागणारं भांडवल इतकं कमी की व्हिसासाठी ते पुरेसं ठरेल याची खात्री नव्हती. कायद्यात ठरलेला आकडा नाही, धंद्याच्या खर्चाच्या मानाने तुम्ही किती घातलेत ते पाहतात. एका विक्रेत्याने तर तुम्ही घरी बसा, दुकान आपोआप चालेल असं सांगितलं. हा व्हिसा धंदा स्वतः चालवणाऱ्यासाठी आहे, त्यामुळे तिथूनच परत फिरले. म्हाताऱ्या माणसांच्या घरी मदतनीस पाठवण्याचे धंदे तिथे जोरात आहेत आणि सगळे मला तेच सुचवत होते. ते मात्र माझ्याने होणार नाही. तुम्हाला कळेल.

पैशाची काळजी नको. इथलं घर विकून आलेलेच पैसे आहेत. बाबा, तुम्ही देऊ केलेत, परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेत ते सहज बसतात हेही तुम्ही दोनदा सांगितलंत, पण ते तुमच्या आजारपणासाठी तसेच राहू द्या. रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे तिऱ्हाइताच्या ताब्यात, आहे. व्हिसा मिळाला तरच ती सेंटरला लागेल, नाकारला तर परत येईल, आणि जागेच्या भाडेकरारातही तशी अट घालून घेतली आहे. व्हिसा पाच वर्षांचा मिळू शकतो आणि धंदा नीट चालला तर पुन्हा पुन्हा वाढतो. यातून ग्रीन कार्ड मिळत नाही, हे तुम्हाला बाहेरून कळण्याआधी मीच सांगते. चिऊ एकवीस वर्षांची होईपर्यंत ती आमच्याबरोबर राहू शकते. पुढचा विचार करायला आपल्याला तेरा वर्षं आहेत.

आई, शिकवणीच का घेतली ते तुला सांगायला नको. ओटीवर सतरंजी, पाढ्यांचा गलका, आणि ज्याला काहीच येत नाही त्याला तू अगदी तुझ्या मांडीला टेकून बसवायचीस. जागा बघायला गेले तेव्हा तुझं टेबल कुठे ठेवायचं ते मनात ठरवूनही टाकलं. मग वकिलांनी सांगितलं की टुरिस्ट व्हिसावर सेंटरमध्ये फुकटसुद्धा शिकवता येणार नाही. मला फार वाईट वाटलं. तू चिऊला घरी शिकव, त्याला कुणाची हरकत नाही.

घर बघतोय ते तुमची खोली खालीच असेल असं. बाथरूममध्ये धरायला दांड्या लावून घेणार आहे. कॅरीत वेंकटेश्वराचं मोठं देऊळ आहे. आपल्या लोकांची वस्ती भरपूर आहे, त्यामुळे मेथी, कढीपत्ता, ज्वारीचं पीठ यासाठी तुला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही.

आता माझं ऐका. दोघांचे पासपोर्ट काढून मुदत बघा आणि फोटो पाठवा. अर्ज मी भरते, मुलाखत मुंबईला बीकेसीत, अमेरिकन वकिलातीत होईल. तिथे बाबांनी जादा काही बोलायचं नाही. मुलीकडे जाऊन परत येणार, विचारलं तर एवढंच, आणि तेच खरं आहे. बाबा, हृदयाची तपासणी निघण्यापूर्वी, याच महिन्यात. प्रवासाचा विमा आधीपासूनच्या आजाराला बहुतेक वेळा कामाला येत नाही. चालढकल केलीत तर मी शेजारच्या काकांना तुम्हाला दवाखान्यात सोडायला सांगीन. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी घेतलेला नाही.

तो दस्तऐवज कुरियरने पाठवतेय, मोठ्या अक्षरात छापून. सही झाली असली तरी बाबा, सातवं आणि विसावं कलम वाचा आणि जे खटकेल त्यावर लाल खूण करा. रविवारी फोन करीन तेव्हा फाइल समोर ठेवून बसा.

तुमची,
मनू