‘गरज वाटली तर जा’ एवढ्यानं भागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उशिरा पेशा बदलणाऱ्यांवरचा आपला लेख वाचला. त्यात पोलिसांची नोकरी एका ओळीत आटोपली, म्हणून हे पत्र.

मी ३८व्या वर्षी वर्दी घातली. त्याआधी १४ वर्षं शाळेत गणित शिकवत होतो. प्रशिक्षणात बॅचमधली मुलं मला ‘सर’ म्हणायची. धावताना दम लागायचा, गुडघे सुजायचे, पण तेवढं निभावलं. पुढे ड्युटीवर वयाचा उपयोगच झाला. चिडलेल्या माणसाला आधी बोलू द्यायचं, हे वर्गात शिकून झालं होतं. त्यामुळे वरिष्ठांनी आणि खरं तर मीही धरून चाललो, की याला ताण झेपेल.

एकदा पहाटे तीन वाजता अपघाती मृत्यूची बातमी द्यायला एका घरी गेलो. बाईंनी दार उघडलं, खुर्चीवरचे कपडे उचलले, खुर्ची हातानं पुसली आणि म्हणाल्या, “बसा ना.” मी उभ्यानंच सांगितलं. त्या रात्री रस्त्यावर जे पाहिलं ते हळूहळू पुसट झालं. ती पुसलेली खुर्ची मात्र डोळ्यांपुढून जाईना. त्यानंतर कित्येक दिवस मला स्वतःच्या घराची बेल वाजवता आली नाही. जिन्यात थांबून मुलाला फोन करायचो, दार उघड म्हणून. घरच्यांना वाटायचं, बाबा किल्ली विसरतात.

खात्यात समुपदेशक होते. ‘गरज वाटली तर जा’ असं सांगितलंही होतं. मी गेलो नाही. पंचविशीतला पोरगा गेला तर लोक म्हणतील, शिकतोय अजून. मी गेलो असतो तर म्हणाले असते, झेपत नव्हतं तर या वयात आला कशाला?

त्यात रात्रपाळी. सलग १७ तास जागं राहिलं की हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा बिघडतो, हे १९९७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं आहे. अशा अवस्थेत आम्ही गाडी चालवतो, कमरेला पिस्तूल असतं. आणि चाळिशीत उडालेली झोप विशीतल्यासारखी एका रविवारी भरून निघत नाही.

मला सावरलं ते वयानं दहा वर्षांनी लहान, पण नोकरीत जुन्या असलेल्या जोडीदारानं. गस्तीवर त्यानं गाडी कडेला घेतली आणि विचारलं, “सर, ते घर अजून डोक्यात आहे का?” मग त्यानं त्याच्या डोक्यातलं घर सांगितलं. पण असा जोडीदार मिळणं नशिबावर का सोडायचं?

घटनेनंतर एकदाच बसवून सगळं वदवून घेतल्यानं पुढचा मानसिक आजार टळतो, असं संशोधनात दिसलेलं नाही. म्हणून त्या एका बैठकीनं भागणार नाही. गोळीबाराचा सराव जसा सगळ्यांना ठरावीक काळानं लागतो, तशीच समुपदेशकाची भेट शिपायापासून प्रमुखापर्यंत प्रत्येकाच्या ड्युटीत लावावी. सगळेच जाणार म्हटल्यावर कोण आत गेला, याकडे कुणी बघणार नाही. आणि तिथं बोललेला एकही शब्द सेवापुस्तकात जाता कामा नये.

आपला नम्र,
एक पोलीस कर्मचारी