बाबा, लगेच उठू नका

प्रिय आई-बाबा,
सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर बाबा खुर्चीतून उठले ते पाहिलं. आधी श्वास रोखला, मग गुडघ्यांवर हात रेटले आणि झटक्यात उभे. आई मागून म्हणाली, "रोजचंच आहे ते." रोजचंच आहे म्हणूनच लिहितेय. फोनवर बाबा विषय बदलतात.

माझ्या मानेचं दुखणं तुम्हाला ठाऊक आहेच. तीन महिने एका फिजिओथेरपिस्टकडे जातेय. पहिल्या दिवशी वाटलं, ही आता चांगली रगडून काढणार. पण तिने मला टेबलावर झोपवलं, डोक्याखाली दोन्ही हात घातले आणि नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "डोकं माझ्या हातात सोडा." मी म्हटलं, सोडलंय की! तिने हात जरासे खाली नेले, तर डोकं तसंच अधांतरी. साडेचार-पाच किलोचं ते ओझं मी झोपूनसुद्धा उचलून धरत होते. नुसतं सांगून हे मला पटलंच नसतं.

उरलेलं काम जमिनीवर पडून आपलं आपण करायचं. गुडघे दुमडून उताणं झोपायचं आणि कमरेखाली घड्याळाची तबकडी आहे असं समजायचं. १२ बेंबीकडे, ६ माकडहाडाकडे. मग भार १२ वरून ६ वर न्यायचा, इतका सावकाश की बघणाऱ्याला काही चाललंय असं वाटूच नये. (आई, हसू नकोस. मलाही वाटलं होतं, याचे पैसे द्यायचे?) चार-पाचदा केलं की थांबायचं आणि पाठ कुठे टेकलीय, कुठे नाही, तिकडे लक्ष द्यायचं.

ही पद्धत मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) यांची. माणूस इंजिनिअर, शिवाय ज्युदोतला ब्लॅक बेल्ट. आणि बाबा, त्यांचंही गुडघ्यावरूनच सुरू झालं. फुटबॉल खेळताना दुखावलेल्या गुडघ्यापायी ते आपण हलतो कसे, हेच बघत बसले. त्यांचा मुद्दा तुम्हाला पटेल: हातात जड पिशवी असताना वर पेन ठेवलं तर कळत नाही, रिकाम्या तळहातावर लगेच कळतं. जोर जितका कमी, तितका बारीक फरक जाणवतो.

गुडघ्याची झिजलेली गादी याने भरून येणार नाही, एक्स-रे आहे तसाच राहील. पण उठताना गुडघ्यांना विनाकारण जो हिसका बसतो, तो कमी करता येईल. आईची हाडं ठिसूळ आहेत, म्हणून तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करायचं नाही.

बाबांनी एवढंच करावं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. पुढच्या कडेवर या, टाचा गुडघ्यांच्या जरा मागे घ्या आणि पाठ न वाकवता कमरेतून पुढे झुका, नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत. आणि उठू नका! परत मागे या. श्वास चालू ठेवा. काही वेळा असं केलं की बूड आपोआप हलकं होतंय असं वाटेल. वाटलं नाही तरी बिघडत नाही. दुखलं तर मात्र तिथेच थांबायचं. "दुखलं तरी रेटायचं" हा तुमचा खाक्या मला माहीत आहे, तोच माझ्या मानेत उतरलाय.

रविवारी कॉल करते. आई, फोन जरा लांब ठेव, बाबांचे पाय दिसले पाहिजेत.

तुमची,
लेक