तबला द्यायचा तर तूच येऊन दे

परळ, मुंबई
नागपंचमी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, बेंगळुरूला नवी जोडी घेतेय, तेव्हा घरातला तबला-डग्गा तळमजल्यावरच्या पोराला देऊन टाका. मी नुसतं "बघू" म्हणालो, तर तुझ्या आईला वाटलं मी रुसलो. रुसलोबिसलो नाही. पोरगा चांगला आहे, हात तयार होतोय, घरी रियाजाला त्याच्याकडे काही नाही. त्याला द्यायला माझी काडीचीही हरकत नाही. पण हे काम मला जमणारं नाही, ते तुलाच करावं लागेल. का, ते फोनवर धड सांगता आलं नसतं.

वाद्याला देव करून बसवणाऱ्यांतला मी नाही, हे तुला माहीत आहे. दसऱ्याला हळदकुंकू, झेंडूची दोन फुलं, संपलं. काही घरांत आजोबांची सतार भिंतीला टांगलेली असते. तारा गंजलेल्या, भोपळ्यावर बोटभर धूळ, आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवतात. त्याला मी जीव लावणं म्हणत नाही.

तुझ्या तबल्यात मूळचं काय उरलंय सांग बरं? पुड्या, म्हणजे वरची कातडी, कितीदा बदलल्या, त्या ओढून धरणारी वादी बदलली, वादीखालचे लाकडी गट्ठे निम्मे दुसरेच, बुडाखालची चुंबळ तर आईच्या जुन्या लुगड्याची. उरलं ते शिसवी खोड आणि डग्ग्याचं तांब्याचं भांडं. तरी तो तोच तबला आहे. खोडावर काळा डाग आहे ना, तिथे कड किंचित बसकी आहे. पुडी कुठलीही चढवा, तिच्या कडेच्या सोळा घरांतलं, म्हणजे भागांतलं, त्या डागाच्या वरचं घर पावसाळ्यात हटकून उतरतं. बाकीची पंधरा घरं सुरात आणि हे एक तोंड फिरवून बसलेलं. पुडी चढवणाऱ्यालाही ते पटकन कळत नाही. तू मात्र बोलता बोलता तिथेच हातोडीचा हलका ठोका द्यायचीस, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या कडेवर, वरून, एकच. पुन्हा वाजवून बघायचीही नाहीस. हे ज्ञान तुझ्या हातात आहे, माझ्या नाही. मी पेटीवाला.

पेटीचं मात्र मला विचार. आजोबांच्या पेटीचा भाता मी कुठे कुठे चिकटवलाय ते मला अंधारात सांगता येईल. पावसात लाकूड फुगलं की वरच्या सप्तकातली एक पट्टी दाबली की वर येत नाही, मग सूर वाजतच राहतो. भजनात मी ती जागा टाळून पुढे जातो, बुवांना आजवर पत्ता लागलेला नाही. (रेडिओने 1940 साली पेटीला दार बंद केलं, ते 1971 पर्यंत. आजोबा म्हणायचे, रेडिओला नको तर नको, पांडुरंगाला चालते.)

मोठ्या लोकांचं तरी वेगळं काय असतं? बिस्मिल्ला खाँसाहेब शहनाईला आपली बेगम म्हणत. आपल्या माहीमचे झाकीरभाई सांगायचे, पोरवयात तिसऱ्या वर्गाच्या डब्यात जागा मिळाली नाही की खाली वर्तमानपत्र पसरून झोपायचे आणि कुणाचा पाय लागू नये म्हणून तबला कुशीत घ्यायचे. याउलट तो चेलो, म्हणजे मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, वाजवणारा यो-यो मा. 1733 सालचा चेलो, आणि 1999 मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीच्या डिकीत विसरून उतरला! त्याच दिवशी पोलिसांनी शोधून दिला म्हणून बरं. मला हा माणूस फार आवडला. दमला होता, विसरला. जीव लावला म्हणजे चोवीस तास भान असतंच असं नाही.

पण तुझ्याशी जुळणारी गोष्ट ब्लूज गिटारवाल्या बी. बी. किंगची. अमेरिकेत आर्कान्सामधल्या ट्विस्ट नावाच्या गावात, 1949 च्या सुमाराला, तो नाचाच्या हॉलमध्ये वाजवत होता. दोघे मारामारीवर आले, ऊब यावी म्हणून पेटवलेलं रॉकेलचं पिंप कलंडलं, हॉल पेटला. हा बाहेर पळाला आणि गिटार आत राहिली म्हणून परत आगीत घुसला. भांडण ल्युसिल नावाच्या बाईवरून होतं असं नंतर कळलं, तेव्हा असा वेडेपणा पुन्हा करू नये याची आठवण म्हणून गिटारीचं नाव ठेवलं ल्युसिल. पुढे जन्मभर त्याच्या कितीतरी गिटारी झाल्या, सगळ्या ल्युसिलच. तेव्हा नवी जोडी घेताना अपराधी वाटून घेऊ नकोस. नव्या तबल्यावर सुरुवातीला 'ना' हा बोल नीट निघणार नाही, कडेची चाट परकी लागेल. हात बसायला वेळ दे, लगेच दुकानदाराला दोष देऊ नकोस. तिकडे आपल्यासारखा दमटपणा नाही, इथल्या सवयीने घट्ट ओढू नकोस.

आणि जुना द्यायला स्वतः ये. पोराला ते घर दाखव. डग्ग्याच्या पोटाला पोक आलाय, तो भाग आपल्याकडे आला तर घुमारा दबतो, म्हणून तू चुंबळीवर कसा तिरका ठेवतेस तेही दाखव. पुडीवरच्या काळ्या शाईला ओला हात लावायचा नाही हे तर शंभरदा सांग, त्याची बोटं कायम ओली असतात, कशाने देव जाणे. मी नुसता उचलून दिला तर पहिल्याच पावसात त्याला वाटेल, ताईने बिघडलेला तबला गळ्यात मारला.

त्याला अजून काही बोललेलो नाही. गणपतीला येशीलच, तर उद्यान एक्सप्रेसचं तिकीट आत्ताच बघ, नंतर वेटिंग लागेल. नवी जोडी आणणार असशील तर खालचा बर्थ घे. आरतीला तळमजल्याचा पोरगा जुन्यावर आणि तू नव्यावर बसा. माझ्या पेटीची ती पट्टी तेवढी तोवर घासून ठेवतो.

तुझा,
बाबा