अकराव्या वर्षाचा पगार कोण देणार? – ताईंना उघड पत्र

ताई,

तुम्हाला कोणी आभार मानलेले आवडत नाहीत हे माहितीये. मागे एकदा मेलच्या शेवटी दोन ओळी लिहिल्या होत्या तर तुमचं उत्तर आलं, "बरं, पण शीट कुठंय?" म्हणून या वेळी सगळ्यांसमोर लिहितेय, म्हणजे तुम्हाला तसं उत्तर द्यायची सोयच नाही. शिवाय हल्ली महिन्याला दोन-तीन जण तरी विचारतात की कन्झर्व्हेशन फायनान्समध्ये (म्हणजे निसर्ग राखायला लागणारा पैसा उभा करायच्या कामात) कसं शिरायचं, एमबीए लागतं का, कुठला कोर्स करू, आणि मी जे काय सांगते ते सगळं तुमचंच असतं, फक्त तुमचं नाव घेत नाही. ती उधारी आता फार झाली.

माझा पहिला मेल आठवतोय का? मला आठवतो आणि अजून कानकोंडं व्हायला होतं. सहा वर्षं कॅमेरा ट्रॅप लावणं, फोटो मोजणं, रिपोर्ट लिहिणं हेच काम करत होते. प्रोजेक्टची ग्रँट संपली, वाढवून मिळेल असं शेवटच्या महिन्यापर्यंत सगळे म्हणत होते, नाही मिळाली. गस्तीवरच्या नऊ माणसांना घरी पाठवलं. आम्ही झाडांवरचे कॅमेरे काढून पेटीत भरत होतो तेव्हा त्यातल्या एकाने विचारलं, "प्राणी वाढलेत ना, मग बंद का करताय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच रात्री त्या तिरीमिरीत तुम्हाला भलामोठा मेल लिहिला, की मला पैशाच्या बाजूला यायचंय, आणि हुशारी दाखवायला सेशेल्सच्या ब्लू बाँडने (समुद्राच्या कामासाठी काढलेल्या कर्जरोख्याने) कसं त्या देशाचं कर्ज माफ करून समुद्र वाचवला असंही ठोकून दिलं.

ओळख ना पाळख, तरी दुसऱ्या दिवशी तुमचं उत्तर. पाच ओळी. दोन वेगळे व्यवहार एकत्र केलेत असं सरळ लिहिलं होतं तुम्ही. कर्जाची अदलाबदल (जुनं कर्ज सवलतीत मिटवायचं आणि त्या बदल्यात देशाने निसर्गासाठी पैसे द्यायचे) आधीची, साधारण २ कोटी १६ लाख डॉलरची, त्यातून ट्रस्ट उभा राहिला आणि ३० टक्के समुद्र राखीव करायचं वचन आलं. ब्लू बाँड ऑक्टोबर २०१८ चा, दीड कोटी डॉलरचा, आणि ते नवं कर्ज आहे, माफी कसली? शेवटची ओळ अशी होती: दोन्ही व्यवहारांत पैसे कोण देतं, का देतं आणि द्यायचं थांबवलं तर काय होतं, हे एका पानावर लिहून पाठवा.

त्या एका पानाला मला तीन आठवडे लागले. बाँड म्हणजे काय तेच नीट माहीत नव्हतं तर दुसरं काय होणार. पण लिहिता लिहिता कळलं की तो दीड कोटीचा बाँड नुसता गुंतवणूकदारांच्या चांगुलपणावर उभा नव्हता, वर्ल्ड बँकेची ५० लाख डॉलरची हमी होती, जीईएफचं (ग्लोबल एन्व्हायर्नमेंट फॅसिलिटी, पर्यावरणाच्या कामांना पैसे देणारा आंतरराष्ट्रीय निधी) ५० लाखांचं सवलतीचं कर्ज होतं जे व्याजाचा भार हलका करायला वापरायचं, आणि त्यामुळे साडेसहा टक्क्यांचं व्याज सरकारला प्रत्यक्षात तीन टक्क्यांच्या आत पडत होतं. तेव्हा ट्यूब पेटली. इथे निसर्गाच्या प्रेमापोटी कोणी पैसे देत नाही असं नाही, पण कोणी कुठली जोखीम उचलायची हे आधी वाटून घेतलेलं असतं, आणि ती वाटणी करणं हेच मुख्य काम. प्राण्यांचे फोटो त्यानंतर.

मग ती एक्सेल शीट. (लोकहो, हे पत्र खरं तर त्या शीटबद्दलच आहे.) तुम्ही म्हणालात, बंद पडलेल्या त्या तुझ्याच प्रोजेक्टचं मॉडेल बनव, बघू काय दिसतं. मी बनवलं. दहा वर्षं, दहा कॉलम, वर हिरवा रंग, खाली खर्च, वरती तीन देणगीदार आणि एक अंदाजे टुरिझम फी, आणि शेवटच्या ओळीत सगळीकडे प्लस. मला वाटलं कमाल केलीय. फाइल परत आली तेव्हा तुम्ही एकही आकडा बदलला नव्हता, फक्त उजवीकडे अजून वीस कॉलम वाढवले होते, तीस वर्षांपर्यंत, आणि खर्चाचे फॉर्म्युले पुढे ओढले होते. उत्पन्नाच्या ओळी अकराव्या वर्षापासून कोऱ्या. शेवटच्या ओळीत लाल, लाल, लाल, वीस वेळा लाल. आणि अकराव्या वर्षाच्या पगाराच्या सेलला एक पिवळी कमेंट, "याचा पगार कोण देणार?"

इतके दिवस मला वाटत होतं की ग्रँट कोणीतरी बंद केली म्हणून आमचं बंद पडलं. त्या लाल ओळीकडे बघून कळलं की ते बंद पडायचं पहिल्या दिवशीच ठरलं होतं, आम्ही फक्त शीट लवकर संपवली होती.

त्यानंतर कायमनिधीचं (मूळ रक्कम न मोडता कमाईवर चालवायच्या निधीचं) गणित तुम्ही फोनवर समजावलंत, तेही अर्ध्या मिनिटात. वर्षाला निधीच्या चार टक्क्यांच्या वर हात लावायचा नाही असं धरलं तर एका माणसाचा पगार कायम निघायला त्याचा पंचवीस वर्षांचा पगार आज बाजूला पडायला हवा. नऊ माणसं म्हणजे सव्वादोनशे वर्षांचे पगार. ऐकून मी गप्पच झाले. मग तुम्हीच म्हणालात की म्हणून तर लोक सगळं एकाच भांड्यात ठेवत नाहीत, काही कायमनिधी, काही ठरावीक वर्षांत संपवायचा सिंकिंग फंड, काही दरवर्षी फी-करातून परत भरत राहणारा फिरता निधी, आणि आपण ठरवायचं की कुठला खर्च कुठल्या भांड्यातून. गस्तीचा पगार कधीही संपणाऱ्या भांड्यातून नको. हे वाक्य मी आजवर निदान चाळीस लोकांना ऐकवलं असेल.

त्या वर्षातला पहिला इंटरव्ह्यू म्हणजे फजितीच. संस्थेचं नाव नको. समोर तिघं होते, माझं प्रेझेंटेशन चांगलं चाललंय असं मला वाटत होतं, आणि एकाने अगदी शांतपणे विचारलं, डिस्काउंट रेट (पुढच्या वर्षांचे पैसे आजच्या किमतीत मोजायचा दर) काय धरलात आणि तोच का. मी रेट सांगितला. "तोच का"ला मात्र तोंड उघडलं आणि आवाजच नाही. खरं तर मी तो दुसऱ्या कुणाच्या शीटमधून उचलला होता. घरी येऊन तुम्हाला फोन केला, वाटलं आता समजूत काढतील. तुम्ही हसलात! म्हणालात, मग आता तोच का ते शोध, पुढच्या वेळी विचारतीलच. राग आला होता तेव्हा, आज सांगते.

पण तुमचं एक वाक्य असं आहे की ज्याने माझं करिअर झालं, आणि तुम्हाला ते आठवतही नसेल. मार्च २०२२ मध्ये वर्ल्ड बँकेचा तो गेंड्यांचा बाँड आला होता, १५ कोटी डॉलरचा, पाच वर्षांचा, आणि मी तुम्हाला सांगत होते की मी फायनान्सवाली नाही, माझ्या शिक्षणात काहीच कामाचं नाही, दोन वर्षं बिझनेस स्कूलला जाते. तुम्ही म्हणालात, आधी त्या बाँडची कागदपत्रं वाच. वाचली. गुंतवणूकदार दरवर्षीचं व्याज सोडतात, ते पैसे दक्षिण आफ्रिकेतल्या ॲडो एलिफंट नॅशनल पार्क आणि ग्रेट फिश रिव्हर या दोन ठिकाणी काळ्या गेंड्यांच्या रक्षणाला जातात, आणि शेवटी गेंड्यांची वाढ किती झाली त्यावर जीईएफकडून त्यांना बक्षिसाची रक्कम, शून्यापासून साधारण १ कोटी ३७ लाख डॉलरपर्यंत. मी म्हटलं हो, बरं, समजलं. तुम्ही विचारलंत, "आणि गेंडे मोजणार कोण?"

फोनवर काही क्षण शांतता.

"तू जे सहा वर्षं करत होतीस ना, तो इथला मीटर आहे. मीटर चुकला तर पेमेंट चुकतं. बँकेतल्या लोकांना मीटर वाचता येत नाही, तुला येतो. फायनान्स तितकंच शीक जितकं त्यांच्याशी बोलायला लागतं."

बिझनेस स्कूलचा फॉर्म भरला नाही. त्याऐवजी सहा महिने रोज संध्याकाळी एक्सेल, एक अकाउंटिंगचा बेसिक कोर्स, आणि टर्मशीट (व्यवहाराच्या मुख्य अटींचा कागद) वाचायची सवय, जी तुम्ही लावलीत, मागून पुढे वाचायची, आधी डिफॉल्टचा, म्हणजे कुणी पैसे थकवले तर काय हा भाग, मग कोण कशाला बांधील आहे, आणि सगळ्यात शेवटी ते सुंदर पहिलं पान. नोकरी लागली ती मॉनिटरिंगच्या खुर्चीवर. करारात "यश" म्हणजे नेमकं काय, ते कुणी, कधी, कुठल्या पद्धतीने मोजायचं, एक वर्ष पाऊस पडला नाही आणि संख्या घटली तर दोष कुणाचा, हे लिहिणारी मी. पहिल्याच करारात "संख्येत वाढ" असा शब्द होता, मी विचारलं की नुसती वाढ की मोजणीतल्या चुकीची मर्यादा धरून वाढ, आणि टेबलावरचे दोन वकील माझ्याकडे बघायला लागले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण इथले आहोत.

तुमचं सगळंच मला पटलं असं मात्र नाही हां. मेक्सिकोतल्या किंताना रूच्या प्रवाळाच्या विम्यावरून आपलं केवढं वाजलं होतं. मला ती कल्पना अजूनही भारी वाटते, वाऱ्याचा वेग ठरलेल्या आकड्याच्या वर गेला की पैसे, पंचनामा नाही, हेलपाटे नाहीत, आणि ऑक्टोबर २०२० च्या डेल्टा वादळानंतर साधारण साडेआठ लाख डॉलर आले, प्रशिक्षण दिलेली माणसं पाण्यात उतरली, तुटलेले प्रवाळाचे तुकडे परत बसवायला. तुमचं म्हणणं, हप्ता कोण भरतं ते बघ आणि समुद्र तापून प्रवाळ पांढरं पडलं तर ही पॉलिसी काय करते ते सांग. काहीच करत नाही, वाऱ्यावरची पॉलिसी आहे ती. तरी मी म्हणेन की एका धोक्याचं उत्तर असणं हे शून्य उत्तरांपेक्षा बरं. तुम्ही अजून मान्य केलेलं नाहीत, असू दे.

बोलिव्हियाच्या बाबतीत मात्र पूर्ण हार मानली. १९८७ चा जगातला पहिला डेट-फॉर-नेचर व्यवहार (तीच कर्जाची अदलाबदल), साडेसहा लाख डॉलरचं कर्ज एक लाखात विकत घेतलं, मी तो प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये आरंभाची गोष्ट म्हणून सांगायचे. तुम्ही विचारलंत की तिथे आधीपासून राहणाऱ्या आदिवासींना कुणी विचारलं होतं का. त्यावरची टीका वाचली आणि ती स्लाइड बदलली. आता पहिला व्यवहार आणि त्यातून काय शिकायचं राहिलं, दोन्ही सांगते. आणि हो, ती दुसरी स्लाइडही काढली, सगळ्यांची असते ती, २०२० च्या अहवालातली निसर्गासाठी दरवर्षी सरासरी ७११ अब्ज डॉलर कमी पडतात वाली. तुम्ही म्हणायचात, एवढा मोठा आकडा दाखवला की ऐकणारा मनातल्या मनात हात वर करतो. त्यापेक्षा डिसेंबर २०२२ च्या जागतिक जैवविविधता करारातलं अठरावं उद्दिष्ट दाखव, निसर्गाचं नुकसान करणारी सबसिडी २०३० पर्यंत वर्षाला निदान ५०० अब्ज डॉलरने कमी करायचं, म्हणजे कळेल की प्रश्न नुसता नवा पैसा आणायचा नाही, जुना पैसा उलट दिशेने जातोय त्याचाही आहे. ते दाखवलं की खरंच खोलीतली चर्चा बदलते, मी तीनदा बघितलंय.

आता ज्या जुन्या कामासाठी हे पत्र लिहायला घेतलं त्याकडे येते. त्या पहिल्या शीटमध्ये तुमच्या चार कमेंट होत्या. तीन मी तेव्हाच सोडवल्या. चौथी सतराव्या वर्षाच्या कॉलमला होती, "निधी डॉलरमध्ये, पगार स्थानिक चलनात. स्थानिक चलन वधारलं किंवा महागाई भडकली तर फरक कोण भरणार?" मला तेव्हा प्रश्नच कळला नव्हता आणि कळला नाही हे सांगायची लाज वाटली, म्हणून मी गुपचूप पुढे सरकले. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. बघितलं असणार, तुमच्या नजरेतून काय सुटतंय.

तर उत्तर. आता ज्या ट्रस्टचं काम बघते तिथे दोन वर्षांचे पगार स्थानिक चलनातच वेगळे ठेवायला लावलेत, म्हणजे वाईट दरात डॉलर मोडायची वेळ येत नाही. चार टक्क्यांचा हिशोब एका वर्षाच्या किमतीवर न लावता मागच्या तीन वर्षांच्या सरासरीवर लावतो, त्याने धक्के जरा कमी बसतात. आणि पगारवाढ महागाईला जोडलीय, त्यामुळे ओझं निधीवर येतं, माणसांवर नाही. पण लागोपाठ चार-पाच वर्षं महागाई भडकलेली राहिली आणि त्याच काळात बाजारही पडला तर हे सगळं पुरत नाही, मी लावून बघितलं, बाविसाव्या वर्षी परत लाल येतं.

शीट जोडून पाठवलीय, तुमच्या मेलवर. कमेंट रिझॉल्व्ह केलेली नाही, तशीच उघडी ठेवलीय. बाविसावा कॉलम बघा आणि सांगा.

तुमची,
शीट लवकर संपवणारी