यंदा तुझ्या विहिरीवरची बाभळ बघ

खानापूर,
२० जुलै

प्रिय मैत्रिणीस,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालीस, "तुझं बरं आहे गं. मी दहावी शिकलेली, मी कसला पक्ष्यांचा अभ्यास करणार?" तेव्हा घाईत उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

जमाल आरा हे नाव तुझ्या कानावर आलं नसेल. जन्म १९२३ चा, बिहारमधला. शिक्षण दहावीपर्यंतच. एका वनाधिकाऱ्याच्या पत्नीने त्यांना नोंदी ठेवायला लावलं, आणि पुढे छोटा नागपूरच्या, म्हणजे आताच्या झारखंडाकडच्या, जंगलातल्या पक्ष्यांवर या बाई वर्षानुवर्षं लिहीत राहिल्या. १९७० साली नॅशनल बुक ट्रस्टने त्यांचं पक्षिनिरीक्षणावरचं पुस्तक काढलं. त्यांच्या मागे ती वनाधिकाऱ्याची पत्नी लागली, तुझ्या मागे लागायला मी आहेच.

आमच्या ओढ्याकाठच्या शिंदीवर सुगरणी आल्यात. अगं, तो पिवळा नर पात कशी काढतो ते एकदा जवळून बघच. भाताच्या पातीवर बसून कडेला चोचीने खाच पाडतो, तिथेच पात घट्ट धरतो आणि उडतो. लांबलचक पट्टी सर्रकन फाटून त्याच्याबरोबर निघते. पानाच्या टोकाला वेढे घालून आधी कडं विणतो, मग त्यावर टोपीसारखा घुमट. आतून ओल्या चिखलाचे गोळे थापतो. इथवर आलं की काम अडतं. मादी येते, आत शिरते, वीण चोचीने ओढून बघते. तिला पटलं तरच आत शिरायची खालची नळी पुरी होते. अंडी उबवणं तिच्या एकटीकडे. नर तोवर दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. हा सगळा उलगडा पक्षितज्ज्ञ सालिम अलींनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला केला, तोही राहत्या घराजवळच्या घरट्यांवर नजर ठेवून.

आता माझं खरं काम. इथे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो, आणि शिंदीवरची बहुतेक घरटी पूर्वेच्या अंगाला लोंबतात. तुमच्या निपाणीकडे खानापूरसारखा पाऊस नाही, पण वारं आहे. तुझ्या उसातल्या विहिरीवर जी बाभळ आहे, तिच्या कुठल्या अंगाला घरटी असतात? हे तुझ्याशिवाय मला कोण सांगणार?

साधी शंभर पानी वही घे. तारीख, वेळ, वारं कुठून, पात उसाची की गवताची, एवढं पुरे. दिसलं नाही तर 'दिसलं नाही' असंही लिही. उसात भांगलायला येणाऱ्या बायकांना विचारत जा, विहिरीवर काय चाललंय ते त्यांच्या आधी नजरेत भरतं.

आणि पोरांना घरटी तोडू देऊ नकोस. दिवाणखान्यात शोभेला टांगलेलं घरटं दिसलं की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. त्यात अंडी होती का, पिल्लं होती का, हे तोडणाऱ्याने बघितलेलंही नसतं.

नोंदी सुरू झाल्या की वहीची पानं तशीच पाठव. खाडाखोड असली तरी चालेल, पक्कं करायच्या नादात एकही ओळ गाळू नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझीच